रस्ता सुधारला, पाठीचे काय?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरला मुंबईच्या वेशीशी जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. ज्या प्रवासाला पूर्वी पंधरा-सोळा तास लागत, तो आता आठ तासांवर आला, असे सरकारने सांगितले. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या रस्त्यावर हे गणित जमतेही. मात्र हे गणित गाडीचे आहे. गाडी चालवणारे शरीर त्या आठ तासांत काय करते, याचा हिशेब त्यात धरलेला नाही.

जुन्या रस्त्याने नागपूरहून मुंबईला येताना माणूस हैराण होत असे, पण वारंवार थांबतही असे. गावातली गर्दी, रेल्वेचे फाटक, गतिरोधक, चहाची टपरी, ढाबा अशा निमित्तांनी पाय क्लचवरून निघत, कंबर हलत असे, कोणीतरी खाली उतरत असे. नव्या रस्त्याने हे सगळे अडथळे काढून टाकले. आता पहिल्या टोलपासून शेवटच्या टोलपर्यंत शरीराची बैठक न बदलता जाता येते. दणके कमी झाले आणि निश्चलता वाढली. ‘रस्ता छान होता, तरी उतरल्यावर कंबर धरली’ ही तक्रार त्यामुळे आता सर्रास ऐकू येते. ती नुसती वयाची किंवा सवयीची तक्रार नाही. तिच्यामागे शरीरशास्त्र आहे, थोडे भौतिकशास्त्र आहे आणि काही अंशी धोरणही आहे.

बसल्यावर नेमके काय होते?

उभे असताना आपल्या कंबरेच्या मणक्यांना आत वळलेला नैसर्गिक बाक असतो. बसले की कटिभाग मागे कलंडतो आणि हा बाक सपाट होऊ लागतो. दोन मणक्यांमधल्या गादीच्या, म्हणजे डिस्कच्या, पुढच्या कडेवर दाब येतो आणि पाठीमागचे अस्थिबंध ताणले जातात. काही मिनिटे याचा त्रास होत नाही. तासाभराने स्नायू थकतात, माणूस सीटवर खाली घसरतो, बाक आणखी सपाट होतो आणि दुखणे सुरू होते.

कार्यालयातल्या खुर्चीतही हेच घडते. तरी मोटारीतली बैठक वेगळी आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय जमिनीवर टेकलेले असतात आणि शरीराचा काही भार ते उचलतात. चालकाचे पाय पेडलवर असतात, हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर. त्याचे चारही अवयव कामाला जुंपलेले असल्याने तो बैठक बदलू शकत नाही. शेजारी बसलेला प्रवासी मांडी घालतो, कुशीवर वळतो, डुलकी काढतो. एकाच गाडीतून, सारख्याच सीटवर बसून आलेल्या दोघांपैकी चालकाची कंबर जास्त का धरते, याचे उत्तर यात आहे.

त्यात वजनाची भर पडते. बसलेल्या शरीराचा बहुतांश भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि मांड्यांवर येतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबल्या की त्वचा आणि स्नायू ‘हल’ असा इशारा देऊ लागतात. बुड बधिर होणे, पायाला मुंग्या येणे हा तोच इशारा असतो. शरीराला त्या क्षणी मऊ गादीपेक्षा जागा बदलण्याची गरज असते.

शोरूममधली पाच मिनिटे

गाडी घेताना आपण सीटवर बसून पाहतो, हाताने दाबून पाहतो आणि ‘काय मऊ आहे!’ म्हणतो. इथेच फसगत होते. मानवी घटकांचा अभ्यास करणाऱ्या झांग, हेलँडर आणि ड्रुरी या संशोधकांनी १९९६ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. ‘आराम’ आणि ‘त्रास’ ही एकाच मोजपट्टीची दोन टोके नाहीत, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांना दिसले. आराम हा स्पर्श, मऊपणा, देखणेपणा आणि निवांतपणा यांच्याशी जोडलेला असतो आणि तो लगेच जाणवतो. त्रास हा स्नायू, सांधे आणि दाब यांच्याशी जोडलेला असतो आणि तो वेळेबरोबर वाढतो. शोरूममध्ये आपण आराम तपासतो. समृद्धीवर भोगतो तो त्रास.

ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी म्हणूनच प्रत्यक्ष रस्त्यावर, दोन तासांहून अधिक काळ गाडी चालवायला लावून सीट तपासल्या. सीटवरचा दाब मोजणाऱ्या चटईचे आकडे पाहून कोणती सीट दुखेल, हे सरळ सांगता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. दाब आणि त्रास यांच्यात तसा साधा, सुसंगत संबंध त्यांना सापडला नाही. उंची, मांडीची लांबी, पेडलचे अंतर, चालवण्याची सवय हे सारे मध्ये येते. एका माणसाला उत्तम वाटणारी सीट त्याच घरातल्या दुसऱ्याला छळू शकते, ती यामुळे.

अतिमऊ सीटचा आणखी एक दोष आहे. तिच्यात शरीर रुतते, बैठकीची हाडे खालपर्यंत जातात, कटिभाग मागे कलंडतो आणि बाजूला सरकणे अवघड होते. पहिल्या दहा मिनिटांत सुखावणारी गादी तिसऱ्या तासाला खड्डा होते. लांबच्या प्रवासाला किंचित टणक, शरीराला अनेक ठिकाणी आधार देणारी आणि थोडीफार हालचाल करू देणारी सीट बरी.

न दिसणारे हादरे

रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी इंजिन, टायर आणि काँक्रीटचे सांधे यांतून बारीक कंप सीटपर्यंत पोहोचत राहतात. बसलेल्या माणसाचे धड आणि मणका साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतात. या पट्ट्यात शरीर स्वतःच ताल धरते आणि हादरा वाढतो. गंमत अशी, की मोटारीची साधी फोमची सीटही सेकंदाला ४ कंपनांच्या आसपास हादरे शोषण्याऐवजी वाढवते. त्याहून जलद कंपने मात्र ती चांगली अडवते. अवजड वाहनांसाठी हवेच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर तरंगणाऱ्या सीट तयार झाल्या, त्या याच कारणाने. त्या मणक्याला त्रास देणारा पट्टा टाळतात.

हादऱ्यांचा संबंध फक्त पाठीशी नाही. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये १५ स्वयंसेवकांना वाहनासारख्या आभासी यंत्रात बसवून सेकंदाला ४ ते ७ कंपनांचा सौम्य हादरा दिला. पंधरा मिनिटांतच त्यांच्यात पेंगुळलेपणाची लक्षणे दिसू लागली आणि अर्ध्या तासात ती ठळक झाली. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण झोळीतले मूल जसे लयबद्ध हालचालीने झोपते, तसा चालकही पेंगू शकतो, ही शक्यता सरळ, एकसुरी महामार्गावर गंभीर ठरते.

मुंबई–गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून गणपतीला कोकणात जाणाऱ्यांचा अनुभव अगदी उलटा असतो. तिथे डोळा लागत नाही, पण अवचित बसणारे दणके थेट कंबरेत जातात. अशा धक्क्यांचा त्रास संथ कंपनांपेक्षा वेगळा आणि मणक्याच्या दृष्टीने अधिक कठोर असतो. तिथे सीटच्या सेटिंगइतकाच वेग कमी ठेवणे आणि टायरमधली हवा योग्य असणे हाही पाठीवरचा उपचार आहे.

गाडी चालवल्याने मणका झिजतो का?

हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. उत्तर सरळ ‘हो’ नाही. अमेरिकेत जेनिफर केल्सी आणि सहकाऱ्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहन चालवण्यात घालवणाऱ्या पुरुषांमध्ये कंबरेची डिस्क सरकण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. त्या आकड्याने चालकांच्या पाठदुखीकडे जगाचे लक्ष वेधले.

२००२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये फिनलंडच्या एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास आला. ४५ जोड्यांमध्ये एका भावाने आयुष्यात दुसऱ्यापेक्षा खूप जास्त वाहन चालवले होते. दोघांच्या मणक्यांचे एमआरआय काढले, तेव्हा डिस्कच्या झिजेत लक्षणीय फरक दिसला नाही. जनुके सारखी असतील तर केवळ वाहन चालवण्याने मणका ‘झिजून जातो’ असे म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर घाबरवणारे काही उरत नाही, आणि दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. एमआरआयमध्ये झीज दिसली नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. स्नायूंचा थकवा, ताणलेले अस्थिबंध, हादरे, प्रवासाच्या शेवटी वाकून उचललेली जड बॅग यांतून दुखणे येते. तासन् तास बसून झाल्यावर लगेच डिकीतले सामान उचलणे हा कंबर लचकण्याचा एक सोपा मार्ग आहे. पाच मिनिटे चालून मग सामानाला हात घालावा. बहुतेक दुखणी हालचालीने, बैठक सुधारल्याने आणि वेळेने बरी होतात.

सीट लावायची कशी?

आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकवताना क्लच, गिअर, ब्रेक शिकवतात. सीट लावायला क्वचितच कोणी शिकवते. खरे तर गाडी सुरू करण्याआधीची दोन मिनिटे पुढच्या सहा तासांची दशा ठरवतात. क्रम असा ठेवावा.

आधी मागच्या खिशातले पाकीट आणि मोबाइल काढावा. जाड पाकिटावर बसल्याने कटिभाग एका बाजूला कलतो आणि पायात जाणाऱ्या मोठ्या नसेवर दाब येऊ शकतो. पाकिटामुळे होणाऱ्या अशा सायटिकाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकापासून आहे.

मग बूड सीटच्या अगदी मागे, पाठीला भिडवून बसावे. सीटची उंची वाढवता येत असेल तर नितंब गुडघ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येतील इतकी वाढवावी. रस्ता स्टिअरिंगवरून स्वच्छ दिसावा आणि डोके छताला लागू नये.

सीट पुढे-मागे करताना क्लच तळापर्यंत दाबून पाहावा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक. पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर प्रत्येक क्लचसरशी कंबर सीटवरून सुटते. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे जागा असावी. ती नसेल तर पोटऱ्यांचा रक्तप्रवाह अडतो.

सीटची पाठ किती मागे टेकवावी, यावर मतभेद आहेत. स्वीडनमध्ये अँडरसन, नाकेमसन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मोटारीच्या सीटवर बसलेल्यांच्या डिस्कमधला दाब प्रत्यक्ष मोजला. पाठ १२० अंशांपर्यंत मागे आणि कंबरेला ५ सेंटीमीटरचा आधार असताना दाब सर्वात कमी होता. पण तितके मागे रेलून गाडी चालवली तर मान पुढे काढावी लागते, हात ताणले जातात आणि अपघातात शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू शकते. म्हणून साधारण १०० ते ११० अंशांची तडजोड बरी. कसोटी सोपी आहे: खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचले पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यभागात किमान २५ सेंटीमीटर अंतर राहू द्यावे, कारण एअरबॅग तिथूनच उघडते.

कंबरेचा आधार पट्ट्याच्या रेषेत, बाक भरून काढेल इतकाच असावा. ‘ढकलतो आहे’ असे वाटले तर तो जास्त झाला. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या रेषेपर्यंत आणि डोक्याच्या जवळ असावा. तो मान टेकून झोपण्यासाठी नाही. मागून धडक बसल्यावर मान झटक्याने मागे जाऊ नये म्हणून आहे.

आरसे सर्वात शेवटी, नीट ताठ बसलेले असताना लावावेत. दोन तासांनी आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसेनाशी झाली, तर आरसा हललेला नाही, आपण घसरलो आहोत, हे लक्षात घ्यावे. आरसा बदलू नये, बैठक सुधारावी.

उशा, मणी आणि कव्हर

गाडीत लंबर सपोर्ट नसेल तर महागड्या उशीआधी घरातला टॉवेल गुंडाळून कंबरेमागे ठेवून पाहावा. जाडी कमी-जास्त करता येते आणि दर तासाला थोडा वर-खाली सरकवता येतो. त्याने निश्चलताही मोडते. रेडीमेड उशी घ्यायचीच तर ती पट्ट्याने सीटला बांधता येते ना, हे पाहावे. सैल उशी पायाशी पडून पेडलखाली जाणे धोक्याचे.

बुडाखालची जेलची किंवा मध्ये भोक असलेली उशी माकडहाड दुखणाऱ्यांना आराम देते. पण जाड उशीने माणूस वर उचलला जातो. पेडलचे अंतर, हेडरेस्टची उंची आणि पट्ट्याची जागा सगळेच बदलते. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता कटिभागाच्या हाडांवरच बसतो ना, हे तपासावे. उशी टाकल्यावर सीट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

टॅक्सीत दिसणारी लाकडी मण्यांची चटई हवा खेळती ठेवते, घामाने पाठ चिकटत नाही. आपल्या उन्हाळ्यात हा लहान फायदा नाही. मणक्यावर मात्र तिचा काही उपचार होत नाही. हवेशीर सीट म्हणून आता अनेक गाड्यांत जे विकले जाते, तेही त्याच कामाचे.

एक इशारा कव्हरबाबत. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली असते. बाजारातले घट्ट, शिवलेले कव्हर तिची वाट अडवू शकते. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लिहिलेले लेबल असेल तर कंपनीने मान्य केलेलेच कव्हर घालावे.

उंचीचा प्रश्न वेगळा. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे. जगभरात सीट मोजण्यासाठी वापरला जाणारा पुतळा मात्र मुळात अमेरिकी पुरुषांच्या मापांवर बेतलेला आहे. सीटची गादी लांब पडली की कमी उंचीची व्यक्ती पेडलसाठी पुढे सरकून बसते आणि पाठ अधांतरी राहते. भारतीयांची मापे उपलब्ध नाहीत असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक १९९७ मध्येच प्रसिद्ध केले. तरीही सीटची उंची कमी-जास्त करण्याची सोय अनेक गाड्यांच्या स्वस्त आवृत्तीत नसते. गाडी घरातल्या दोघांनी चालवायची असेल, तर ही सोय सनरूफपेक्षा जास्त कामाची आहे.

थांबणे हाच खरा उपाय

उत्तम सीटही एका मर्यादेपलीकडे उपयोगी नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दर दोन तासांनी किमान १५ मिनिटे थांबण्याची सूचना आहे. युरोपीय संघात व्यावसायिक चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. नागपूरहून निघालेल्या कुटुंबाने दोन तासांचा नियम पाळला तर मुंबईपर्यंत तीन थांबे होतात. आठ तासांचा प्रवास पावणेनऊ तासांचा होतो. पाऊण तास ही काही मोठी किंमत नाही.

थांबा म्हणजे गाडीत बसून चहा पिणे नव्हे. खाली उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुकावे, टाचा वर-खाली कराव्यात. पोटरीचे स्नायू पायांतले रक्त हृदयाकडे ढकलतात. पाय तासन् तास स्थिर राहिले की तो पंप बंद पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक सलग बैठ्या प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हे विमानापुरते नाही; मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. निरोगी माणसासाठी मूळ धोकाच कमी असल्याने घाबरू नये. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पूर्वी गुठळी झालेले आणि कर्करोगाचे रुग्ण यांनी मात्र लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावे.

पाणी कमी पिणे हा थांबे टाळण्याचा सर्रास वापरला जाणारा उपाय, विशेषतः स्त्रियांचा. स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, हे त्याचे कारण. समृद्धीवर सुरुवातीला पेट्रोल पंपांपलीकडे सोयी फारशा नाहीत, ही तक्रार वारंवार झाली. विश्रांतिस्थळ ही महामार्गाची शोभा नसून सुरक्षेचा भाग आहे, हे इथे दिसते.

प्रवासानंतर एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखले तर तातडीने रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर पायाची ताकद कमी झाली, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मलम चोळत बसू नये. तीही तातडीची अवस्था आहे.

ज्यांच्या सीटबद्दल कोणी विचारत नाही

आतापर्यंतचे सगळे सल्ले स्वतःची गाडी, स्वतःची सीट आणि स्वतःचे वेळापत्रक असणाऱ्यांसाठी आहेत. महामार्गावर सर्वाधिक तास घालवणाऱ्यांकडे यातले काहीच नसते. मालमोटारीचा चालक, खासगी रात्रबसचा चालक, विमानतळाहून गावोगावी धावणारा टॅक्सीवाला यांना सीट निवडता येत नाही आणि थांबा हा त्यांच्या मजुरीतून वजा होतो.

अनेक वर्षे आपल्याकडे मालमोटारीची नुसती चासी विकली जाई आणि केबिन स्थानिक बांधणीवाले लाकूड-पत्र्यात उभारत. चालकाच्या पाठीचा विचार त्यात शेवटी येई. २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे मोठे पाऊल आहे. पन्नास अंशांना भिडणाऱ्या केबिनमध्ये कोणतीही सीट आरामाची होत नाही. पण थंड केबिनमध्ये हादरणारी सीट तशीच राहिली, तर काम अर्धेच झाले. युरोपीय संघाने २००२ मध्येच कामगाराच्या शरीरापर्यंत पोहोचणाऱ्या हादऱ्यांवर आठ तासांची मर्यादा घातली. मालकाला हादरे मोजावे लागतात आणि ठरावीक पातळीपुढे ते कमी करण्याचे उपाय करावे लागतात. वातानुकूलनाप्रमाणे तरंगत्या सीटचीही सक्ती करता येईल.

कामाच्या तासांचा नियम आपल्याकडे नवा नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला मंजुरीने दहा तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती, असे घालून दिले. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

मोजदादीतही हाच आंधळेपणा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यूंची नोंद आहे आणि सुमारे ७२ टक्के अपघातांचे कारण ‘अतिवेग’ असे दिले आहे. मद्यपान, उलट दिशा, सिग्नल तोडणे, मोबाइल यांचे रकाने आहेत. थकव्याला स्वतंत्र रकाना नाही. चौदाव्या तासाला कंबर धरलेला, पेंगुळलेला चालक पुढच्या गाडीवर आदळला, तर कागदावर तो बहुधा ‘अतिवेग’च ठरतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेले ‘भारत एनकॅप’ गाड्यांना धडकेतल्या सुरक्षेचे तारे देते. सीट धडकेत टिकते का, हे तपासले जाते. सहा तासांनंतर तिच्यावर बसलेला माणूस सावध असतो का, हे कोणी तपासत नाही.

यासाठी मोठे संशोधन लागणार नाही. अपघाताच्या पंचनाम्यात चालक किती तास सलग चालवत होता, ही एक ओळ वाढवावी. द्रुतगती मार्गांवर ठरावीक अंतरावर सावली, स्वच्छतागृह, पाणी आणि मालमोटारींना उभे राहायला जागा, हे टोलच्या कराराचा भाग असावे. उंची बदलता येणारी सीट आणि कंबरेचा आधार यांची गणना चैनीच्या सोयींत न करता प्रत्येक आवृत्तीत ते द्यावेत. आणि टॅक्सी किंवा बस ठरवताना आपणही ‘किती तासांत पोहोचवाल?’ या प्रश्नाबरोबर ‘चालक कधीपासून चालवतो आहे?’ हे विचारावे. त्याच्या पाठीवर आणि त्याच्या जागेपणावर आपलाही जीव अवलंबून असतो.